वर्तणूक : चांगली

आमच्या शाळेत जून महिना उजाडला की एक काम न सांगता माझ्याकडे येते. मी चित्रकलेचा शिक्षक, अक्षर बरे. तेव्हा शाळा सोडून जाणाऱ्या मुलांच्या दाखल्यांची नोंदवही भरायची ती मीच. दाखले आता संगणकातून छापून निघतात, पण ही जाडजूड वही अजून हातानेच लिहावी लागते. विद्यार्थ्याचे नाव, आईचे नाव, जन्मतारीख, प्रगती असे करत करत लेखणी शेवटी एका रकान्यापाशी येते. त्या रकान्याचे नाव 'वर्तणूक'. गेली वीस वर्षे त्यात मी एकच शब्द लिहीत आलो आहे : चांगली. जिने कधी मान वर करून उलट उत्तर दिले नाही त्या मुलीची वर्तणूक चांगली, आणि ज्या पठ्ठ्याने एका सहामाहीत कचेरीच्या तीन काचा फोडल्या त्याचीही चांगलीच.

यात आपण काही खोटे करतो आहोत, असे मला कधी वाटले नाही. परंतु तीन वर्षांपूर्वी आमच्या घरात एका जागेच्या दाखल्याचा प्रश्न निघाला, आणि तेव्हापासून त्या रकान्यापाशी आले की हात क्षणभर थांबतो. ती हकिकत आणि तिने मनात उभा केलेला प्रश्न आज वाचकांपुढे ठेवणार आहे. चकली-करंज्यांच्या ताटाशेजारी माती आणि रसायने यांचा विषय आणून ठेवतो आहे, याबद्दल घरातल्या मंडळींनी मला क्षमा करावी. हा विषय शेवटी स्वयंपाकघरातच येऊन पोचतो, एवढेच माझे समर्थन.

मी तुर्भ्याचा. एका अंगाला पारसिकचा डोंगर, दुसऱ्या अंगाला ठाण्याची खाडी, आणि मधल्या पट्टीत आमची वस्ती. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेने कारखाने उभे राहू लागले. औषधे, रंग, कीटकनाशके, नाना तऱ्हेची रसायने. १९७० साली सिडको आली, शहर वसू लागले. पुढे मुंबईतले घाऊक बाजारही एकेक करून इकडे हलले. माझे थोरले बंधू, ज्यांना घरात आणि बाजारात सगळे दादाच म्हणतात, ते मसाला बाजारात शिरले. मी मॅट्रिक होऊन चित्रकलेच्या परीक्षा देत बसलो. पुढे मी चार कादंबऱ्या लिहिल्या आणि दादांनी मिरचीची हजारो पोती विकली. दोघांच्या मालात तिखट किती होते याचा निवाडा वाचकांनी करावा, खप कुणाचा जास्त झाला हे मात्र उघड आहे.

लहानपणी कारखान्यांमागच्या नाल्याचे पाणी एखादे दिवशी जांभळे दिसे, एखादे दिवशी पिवळेजर्द. आम्हा मुलांना त्याची मोठी गंमत वाटे. रंगांची माझी पहिली ओळख त्या नाल्यावर झाली असे म्हटले, तर ते अगदीच खोटे होणार नाही. ती गंमत काय होती, हे पुढे आकड्यांनी सांगितले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातल्या ८८ औद्योगिक क्षेत्रांची मोजणी केली आणि ७०च्या वर गुण मिळालेली ४३ क्षेत्रे अतिप्रदूषित ठरवली. नवी मुंबईला त्यात ७३.७७ गुण होते. आयुष्यात जिथे जास्त गुण मिळाल्याची लाज वाटावी, अशी तेवढी एकच परीक्षा मी पाहिली आहे.

मग काळ पालटला. पुष्कळ कारखाने बंद पडले किंवा दूर गेले. त्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या, गोदामे आली. २०२०च्या डिसेंबरात आयकिया या परदेशी कंपनीचे फर्निचरचे अवाढव्य दुकानही तुर्भ्यात उघडले. रस्त्यावरच्या पाट्या बदलल्या. पाटीखालची जमीन मात्र आहे तीच राहते, आणि तिच्या पोटात काय आहे हे नव्या पाटीवर लिहिलेले नसते.

दादांच्या मनात मसाले दळून, पुड्या बांधून परदेशी पाठवायचा कारखाना काढायचे होते. त्यासाठी त्यांनी एक गाळा पाहिला. पूर्वी तिथे रंगांसाठी लागणारी रसायने तयार होत; तो कारखाना बंद पडल्यावर एका गृहस्थांनी गाळा घेतला आणि त्यात भंगाराचे गोदाम चालवले. आता वय झाल्यामुळे ते गाळा काढत होते. इकडच्या औद्योगिक जागा महामंडळाने ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेल्या असतात. तेव्हा विकायची ती उरलेली वर्षे आणि वरची शेड. दादांच्या वकिलांनी मागच्या तीस वर्षांचे कागद तपासले. गहाण नाही, थकबाकी नाही, कोर्टकज्जा नाही. सर्च रिपोर्ट स्वच्छ आला. दादांनी इसार दिला. माझ्या भविष्यनिर्वाह निधीतली बरीचशी रक्कम मीही त्यात घातली. धाकट्या मुलीच्या शिक्षणाला पुढे उपयोगी पडेल, हा हिशेब.

इतक्यात दादांच्या परदेशी गिऱ्हाइकाकडून पत्र आले. नव्या जागेतला माल घेण्यापूर्वी त्या जागेची पर्यावरणाच्या दृष्टीने तपासणी करून स्वतंत्र सल्लागाराचा अहवाल पाठवावा. दादांनी पत्र माझ्या हातात दिले. "तू लिहिणारा माणूस. कोण असतात हे लोक ते बघ, आणि एक चांगला ठरव."

मालकी कुणाची हे शोधायला तीस वर्षे मागे जाणारे आपण, मातीत काय आहे हे पाहायला एक दिवसही मागे जात नाही, हे माझ्या तेव्हा प्रथम ध्यानात आले. ही तपासणी निघाली कुठून, हे मी वाचू लागलो, आणि पहिलीच गोष्ट निघाली ती एका शाळेची. अमेरिकेत नायगारा फॉल्स गावी एका अर्धवट सोडलेल्या कालव्यात एका रसायन कंपनीने १९४२ ते १९५३ या काळात सुमारे २१,००० टन रासायनिक कचरा पुरला. मग ती जमीन तिने गावच्या शाळा मंडळाला एका डॉलरला देऊन टाकली. खरेदीखतात लिहून ठेवले की, येथे रसायने पुरली आहेत, पुढे काही झाल्यास आम्ही जबाबदार नाही. मंडळाने ते वाचले, सही केली आणि तिथे शाळा बांधली. भोवती घरे झाली. पुढे तळघरांत काळे पाणी झिरपू लागले, आयांचे गर्भ पडू लागले. १९७८ साली शाळा बंद झाली, राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी आणीबाणी जाहीर केली, शेकडो कुटुंबे हलवावी लागली. १९८० साली तिकडे कायदा झाला : दूषित जमिनीची जबाबदारी तिच्या आजच्या मालकावरही येते, घेण्यापूर्वी त्याने पुरती चौकशी केली असेल तरच त्याला बचावाची वाट मिळते. तेव्हापासून जागा घेताना आधी माती विचारण्याचा रिवाज पडला.

आपल्याकडचे उदाहरणही मी वाचले. राजस्थानात उदयपूरजवळ बिछडी या गावी रंगासाठी लागणारे एच-ॲसिड नावाचे द्रव्य काही काळ तयार होत असे. कारखाने थोडेच दिवस चालले. पण त्यांच्या गाळाने आसपासच्या विहिरी नासल्या, पाणी माणसांना, गुरांना आणि शेताला निरुपयोगी झाले. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, ज्याने घाण केली त्यानेच ती काढण्याचा खर्च सोसावा. आपल्या गाळ्यातही रंगाचीच रसायने होत होती, हे आठवून ते पान मी दोनदा वाचले.

पहिला सल्लागार वाशीत भेटला. कचेरी थंडगार, चहा उत्तम, माणूस गोड.

"अहवाल कुणाला दाखवायचाय, सर? बँकेला की परदेशी पार्टीला?"

"पार्टीला. का?"

"म्हणजे त्यांना लागतो तसा करू. तीन दिवसांत देतो."

"जागा पाहायला कधी येता?"

"कशाला उगाच? चार फोटो मोबाइलवर पाठवा. अहो सर, डॉक्टरकडे गेलं की तो काहीतरी काढतोच!"

मी मोकळेपणाने सांगतो, मला तो माणूस आवडला. त्याची फी थोडी होती आणि त्याने माझी काळजी दूर केली होती. त्याच्या जुन्या अहवालाचा नमुना घरी आणून वाचला, तेव्हा त्यात एक वाक्य वारंवार आलेले दिसले : 'पाहणीत दूषिततेची चिन्हे आढळली नाहीत.' वाक्यात खोटे काहीच नाही. जो पाहणी करत नाही त्याला काही आढळत नाही, हे सोळा आणे सत्य आहे. मला महाभारतातला धर्मराज आठवला. अश्वत्थामा गेला, हे त्याने मोठ्याने सांगितले, आणि गेला तो हत्ती, हे हळूच. अक्षराने खरे, हेतूने खोटे. जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ त्या क्षणी खाली टेकला, असे व्यासांनी सांगितले आहे. या धंद्यातले पुष्कळ रथ मुळात वर उचललेलेच नसतात.

मोठी नावे घेतली म्हणजे हा धोका टळतो, असेही नाही. २००७ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका नियोजित बॉक्साइट खाणीचा पर्यावरण अहवाल एका जगप्रसिद्ध संस्थेने तयार केला होता. कार्यकर्त्यांनी तो वाचला तेव्हा त्यात स्प्रूस आणि बर्च या बर्फाळ मुलखातल्या झाडांची राने निघाली! रशियातल्या एका खाणीच्या अहवालातले मजकूर जसेच्या तसे उतरवले होते. हापूसच्या आणि काजूच्या मुलखात, लाल कातळावर, कुणी कागदोपत्री बर्चची बने लावली. वर्गात शेजाऱ्याची वही उतरवणारा पोरगा निदान शेजारच्याची उतरवतो. इथे रशियापर्यंत जाण्याचे कष्ट घेतले होते.

परंतु केवळ माणसांना नावे ठेवून प्रश्न सुटत नाही. ज्याची परीक्षा घ्यायची त्यानेच परीक्षक निवडायचा आणि त्यानेच त्याचे पैसे द्यायचे, अशी रीत ठेवली, तर निकाल काय लागणार? शिक्षकाला हे सांगायला नको. शिकवणीला येणाऱ्या मुलाचा पेपर तपासताना अर्धा गुण कसा आपोआप सुटतो, हे आम्ही जाणतो. गुजरातेत याचा रीतसर प्रयोगच झाला. तिथल्या कारखान्यांना प्रदूषणाची तपासणी बाहेरच्या तपासनिसाकडून करून घ्यावी लागे, आणि तपासनीस नेमायचा कारखान्याने. त्यांचे आकडे पाहावेत तर मर्यादेच्या किंचित खाली दाटीने बसलेले. २००९ पासून सुमारे दोन वर्षे अहमदाबाद आणि सुरतेकडच्या कारखान्यांत संशोधकांनी रीत बदलून पाहिली. तपासनीस चिठ्ठ्या टाकाव्यात तसा नेमला, त्याचे पैसे एका सामाईक निधीतून ठरावीक दराने दिले, आणि त्याने केलेल्या मोजणीची अधूनमधून फेरतपासणी ठेवली. तपासनीस खरे आकडे लिहू लागले. एवढेच नव्हे, कारखान्यांचा धूर आणि सांडपाणीही सुधारले. या संशोधकांत एस्तेर द्युफ्लो होत्या, ज्यांना २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. माणसे तीच होती. फक्त त्यांच्या ताटात मीठ वाढणारा हात बदलला होता.

आमच्यापुढे मात्र सामाईक निधी नव्हता. पैसे आमचेच जाणार, आणि माणूसही आम्हीच निवडणार. अशा वेळी खरा माणूस ओळखायचा कसा? मला एकच खूण सापडली. जो आपल्याला नको ते उत्तर देण्याची तयारी आधीच सांगतो, तो.

दुसऱ्या सल्लागार बाई होत्या. भूगर्भशास्त्र शिकलेल्या, पन्नाशीच्या, बोलणे तुटक. फी पहिल्याच्या चौपट. "ही फी तपासणीची आहे, निकालाची नाही," त्या म्हणाल्या. "निकाल काय येईल ते मला ठाऊक नाही. तुम्हाला आवडला नाही तरी फी तेवढीच. आणि निम्मी आधी." दादा नाखूश होते. चौपट पैसे मोजून वाईट बातमी विकत घ्यायची, हा सौदा मसाला बाजारात बसणारा नव्हता. तरी त्यांनी हो म्हटले, ते माझ्या शब्दावर.

बाईंनी प्रथम कागद मागवले : प्रदूषण मंडळाची जुनी संमतीपत्रे, जुने नकाशे, उपग्रहाची वर्षावर्षांची छायाचित्रे. मग त्या गाळ्यावर आल्या. एकदा वर पाहून छपराच्या जुन्या सिमेंट पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असावे असे त्यांनी टिपून घेतले. त्यानंतर सारा वेळ नजर खाली. पावसाळा नुकता सरला होता. मागच्या भिंतीपाशी हातभर गवत माजले होते, पण एका कोपऱ्यात, खाटेएवढ्या जागेत, एक काडी नव्हती. मातीचा रंग गंजासारखा, त्यात जांभळी झाक. तो रंग मी ओळखला. लहानपणी तो नाल्यात पाहिला होता.

जुना राखणदार तिथेच होता. कारखाना चालू असताना तो हमालीला होता. बाईंनी त्याला चहा पाजला आणि घाई न करता विचारले.

"तिथं शोषखड्डा होता, बाई. पिंपं धुतलेलं पाणी त्यातच सोडायचे. बंद करताना मुरूम टाकून बुजवला."

"आणि पाणी कुठे जायचं?"

"कुठं जाणार? जमिनीत."

आत खोदून माती काढायची तर विकणाऱ्याची परवानगी हवी. ते गृहस्थ भले होते. त्यांनी परवानगी दिली, पण एक अट घातली : व्यवहार मोडला तर अहवाल कुणाला दाखवायचा नाही, कुणाजवळ बोलायचे नाही. दादांनी मान्य केले आणि सही केली. मला त्यात काही गैर वाटले नाही, हेही लिहून ठेवतो.

दीड महिन्याने प्रयोगशाळेचे आकडे आले. बुजवलेल्या खड्ड्याभोवतीच्या मातीत रंगांची रसायने आणि जड धातू. गाळ्यातल्या बोअरच्या पाण्यातही तीच रसायने. बाईंनी सरळ लिहिले होते की, हे पाणी पिण्यास, स्वयंपाकास किंवा भांडी धुण्यास वापरू नये, आणि माती काढल्याशिवाय या जागी खाद्यपदार्थांचा उद्योग करू नये.

आता मला माझ्याविषयी सांगितले पाहिजे. बाईंकडे गेलो तो मी. दादांनी पाठवले नव्हते. इसार बुडणार होता, त्यात माझ्या निधीचे पैसे होते. मी त्यांना म्हटले, "खड्डा तर मागच्या कोपऱ्यात आहे. दळण पुढच्या भागात होईल. बोअर आपण बंदच ठेवू. तेवढा एक परिच्छेद गाळता नाही का येणार?"

बाईंनी अहवाल उलगडून तो परिच्छेद पाहिला. म्हणाल्या, "येईल की. पण मग शेवटच्या पानावरची सहीही गाळावी लागेल."

मी परत आलो. वाटेत प्रथमच माझ्या नोंदवहीतला तो रकाना डोळ्यांपुढे उभा राहिला. बाई जे करायला नाकारत होत्या, ते मी दरवर्षी जूनमध्ये राजरोस करत नव्हतो काय?

पुष्कळ विचार केल्यावर मला यात एक भेद दिसतो, आणि तो वाचकांनी तपासून पाहावा. दाखले दोन जातींचे असतात. काही दाखले म्हणजे आशीर्वाद आणि काही म्हणजे साक्ष. काचा फोडणाऱ्या पोराला मी 'चांगली' लिहून देतो ते त्याने काय केले याची साक्ष म्हणून नव्हे. पुढच्या शाळेत तो नव्याने सुरुवात करो, एवढाच त्याचा अर्थ. पंधरा वर्षांचा मुलगा बदलतो. त्या तीन काचांच्या मानकऱ्याने आता स्वतःचे काचेचे दुकान काढले आहे, आणि शाळेला तो दर कमी लावतो! मुलाच्या बाबतीत आशीर्वाद कधी कधी खरा ठरतो, किंबहुना त्यामुळेच खरा ठरतो. मातीचे तसे नाही. मातीला कितीही चांगले म्हटले तरी ती शरमून सुधारत नाही. तिच्या बाबतीत साक्षच हवी. आणि साक्षीच्या पैशांत आशीर्वाद विकत घ्यायला निघालो की खोटेपणा तिथून सुरू होतो. वाशीतला गोड गृहस्थ आशीर्वाद विकत होता. मी बाईंकडे तोच मागायला गेलो होतो.

व्यवहार मोडला. इसारातले निम्मे परत आले. घरात चार दिवस सुतक असल्यासारखे वाटले, मग आम्ही एकमेकांना सांगू लागलो की वाचलो. इथे गोष्ट संपली असती, तर शहाण्या माणसाने चांगला सल्लागार नेमावा, एवढे तात्पर्य काढून मी लेखणी खाली ठेवली असती.

आठ महिन्यांनी, आषाढात, त्या रस्त्याने जात होतो. गाळ्यावर नवी पाटी होती : पोळी-भाजी केंद्र. विकला गेला नाही म्हणून मालकांनी तो भाड्याने दिला होता. बचत गटाच्या पाच बायका आजूबाजूच्या कामगारांचे डबे करत होत्या. दारातून वाफ येत होती, आणि एक मुलगी बोअरच्या नळाखाली पातेली घासत होती.

मी पुढे निघून गेलो. हे लिहायला हात रेटत नाही, पण तसेच घडले. त्या रात्री झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी मालकांकडे गेलो आणि त्यांनीच त्या बायकांना सांगावे अशी विनंती केली. ते म्हणाले, "मी काय केलं, मास्तर? खड्डा मी खणला नाही. मीही फसूनच घेतला. आणि तुमच्या बंधूंनी शब्द दिलाय." त्यातले एकही वाक्य खोटे नव्हते. ज्याने खड्डा खणला त्याचा कारखाना केव्हाच उठून गेला; ज्याने घेतला त्याला ठाऊक नव्हते; ज्यांना कळले त्यांनी घेतला नाही. प्रत्येकाचे हात स्वच्छ, आणि पातेली मात्र त्या पाण्यात.

राहता राहिला शब्द. दिलेला शब्द पाळावा, ही आपल्या घराघरांतली पहिली शिकवण. बाजारात तर शब्द हीच पत. परंतु दोघांनी मिळून शब्द दिला-घेतला तेव्हा तिसरा माणूस, ज्याच्या पोटात ते पाणी जायचे होते, तिथे हजर नव्हता. त्याला न विचारता त्याचा जीव आम्ही कोणत्या अधिकाराने गहाण टाकला? स्वतःच्या पैशांवर, स्वतःच्या मानावर मौनाची शपथ घेता येते. दुसऱ्याच्या पाण्यावर घेता येत नाही. हे मला सहीच्या दिवशी सुचायला हवे होते. सत्य विकत घेतले की ते साड्या-दागिन्यांसारखे आपल्या कपाटात ठेवता येते, अशी माझी समजूत होती. तशी ती पुष्कळांची असते.

तिसऱ्या दिवशी मी त्या केंद्रात गेलो आणि सांगितले. गटाच्या प्रमुख बाईंनी हातातले लाटणे खाली ठेवून सगळे ऐकून घेतले. मुलीला नळ बंद करायला सांगितले. मग माझ्याकडे वळून विचारले, "मास्तर, तुम्हाला हे कधीपासून माहीत होतं?"

मी सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत. त्या तीन महिने तिथे रांधत होत्या. पुढे महिनाभर त्यांनी टँकरचे पाणी घेतले आणि जागा सोडली. अनामत रक्कम पुरती परत मिळाली नाही.

दादांना बाजारातूनच कळले. ते संतापतील असे वाटले होते, ते फक्त म्हणाले, "सांगायचं होतं तर आठ महिने आधी सांगायचं होतं. आणि मला विचारायचं होतं. मी नाही म्हटलं नसतं." नसते म्हटले का, हे मला ठाऊक नाही. मी विचारले नाही, हे मात्र माझ्याच खात्यावर राहील. त्या वर्षी भाऊबिजेला आम्ही दोघे बहिणीच्या घरी वेगवेगळ्या वेळी गेलो.

आता, जुलै २०२५ मध्ये, केंद्र सरकारने दूषित जागांविषयी नियम केले आहेत. अशा जागा शोधाव्यात, त्यांची तपासणी व्हावी आणि ज्याने दूषित केल्या त्याच्याकडून शुद्धीचा खर्च घ्यावा, अशी त्यांची रचना आहे. चांगली गोष्ट आहे. माझ्यासारख्याला निदान कुठे सांगायचे हे तरी कळेल. पण कायद्याला कुणीतरी येऊन सांगावे लागते, आणि तो कुणीतरी बहुधा माझ्यासारखा असतो, ज्याचे स्वतःचे नुकसान टळलेले असते आणि ज्याला आता गप्प बसणे सोयीचे असते.

नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्या घरी अजून अंगणात कारीट फोडतात. डाव्या पायाच्या अंगठ्याखाली ते चिरडायचे आणि त्याचा कडू रस जिभेला लावायचा, मग फराळ. लहानपणी मी रस जिभेला लावल्यासारखे करून हात पुसत असे. आईला ते कळत असे. ती म्हणे, "कडू जिभेला लागलं नाही, तर नुसताच पाय घाण केलास."

यंदा दादांनी दुसरा गाळा पाहिला आहे. इसार देण्याआधी त्यांनी स्वतः त्या बाईंना फोन केला. माती काढण्याच्या परवानगीचा कागद त्यांनी माझ्याकडे वाचायला पाठवला. विकणाऱ्याने त्यात तीच जुनी अट घातली होती. दादांनी तिच्यावर तांबड्या शाईने रेघ मारली होती आणि खाली आपल्या अक्षरात लिहिले होते : जे निघेल ते पुढच्याला सांगितले जाईल, हे कबूल असेल तरच बोला.

विकणाऱ्याचे उत्तर अजून आलेले नाही.